नांदेड–लातूर रस्ता आणि आमचे तीन एकर



दरवर्षी मार्गशीर्षात, येळवशीच्या आदल्या दिवशी, मी नांदेडच्या स्टँडवर लातूरची एस. टी. धरतो आणि गावी जातो. नोकरी नांदेड जिल्ह्यात, गाव लातूर जिल्ह्यात. शिरूर ताजबंद सोडले की चाकूरच्या अलीकडे, सडकेपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. रेल्वेने जायचे तर परभणी-परळीचा लांबचा वळसा. म्हणून आमच्यासारख्यांना हीच सडक जवळची. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर अशी ही सुमारे एकशेचाळीस किलोमीटरांची वाट. तीस वर्षे मी तिच्यावरून ये-जा करतो आहे.

मागच्या मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, मात्र पिशवीत नेहमीच्या खाऊबरोबर एक काळजीही होती. पुतण्याचा फोन आला होता. “काका, सडकेला लागून राहिलेल्या तीन एकरांना गिऱ्हाईक आलंय. भाव चांगला देतो म्हणतात. दादा काही बोलत नाहीत. तुम्ही या आणि काय ते ठरवा.”

ठरवायचे कसे? मी बी. एस्सी. कृषी झालेला माणूस. दुसऱ्याच्या शेतात उभा राहून सल्ला देणे हा माझा धंदाच. पण आपल्या बांधावर आले की भल्याभल्यांचे शहाणपण पातळ होते. तेव्हा मनाशी म्हटले, या खेपेला गाडीत डुलक्या काढायच्या नाहीत. ही सडक आपल्याला काय देते आणि काय नेते, ते डोळे उघडे ठेवून पाहायचे. तुम्हीही माझ्याबरोबर चला. तुमच्या गावाजवळूनही अशीच एखादी सडक जात असेल.

नांदेड म्हणजे गोदावरीकाठचे गाव. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान येथेच १७०८ साली झाले, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आजही पंजाबपासून माणसे येतात. आपल्या कापूसवाल्यांच्या तोंडी असलेले ‘नांदेड ४४’ हे वाण इथल्याच कापूस संशोधन केंद्राचे. एस. टी. शहर सोडते, विष्णुपुरीची वस्ती आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ मागे पडते, आणि सोनखेडच्या बाजूने गाडी लोह्याकडे निघते. येथवर जमीन काळी आणि खोल. नदीकाठची माती ती. पाणी असेल तेथे ऊस, केळी, हळद. नसेल तेथे कापूस, तूर, सोयाबीन.

लोह्याच्या पुढे सडक बालाघाटाच्या अंगावर चढू लागते. चढ असा की गाडीत बसलेल्याला कळत नाही, पण मातीकडे पाहणाऱ्याला लगेच कळतो. काळी पातळ होत जाते, बांधावर मुरूम दिसू लागतो, मध्येच नुसता बरड माळ लागतो. खोल काळीत मुरलेले पाणी रब्बीचा हरभरा तारून नेते. माळावर मात्र पंधरा दिवस पावसाने दडी मारली की पीक माना टाकते. एकाच सडकेवरचे दोन शेतकरी, एकच पाऊस, एकच बियाणे, तरी उतारा वेगळा. म्हणून शेजाऱ्याचे पाहून पेरू नका, आपल्या मातीची खोली पाहून पेरा, असे मी सभांमधून नेहमी सांगतो. या सडकेने प्रवास करताना ते पुस्तक न उघडता शिकता येते.

ही सडक पूर्वी राज्यमार्ग होती. नागपूर-तुळजापूर रस्ता म्हणून जुनी माणसे तिला ओळखतात. आता ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आहे. औसा ते चाकूर, चाकूर ते लोहा, लोहा ते वारंगा अशा टप्प्यांनी तिच्या चौपदरीकरणाची कामे झाली. पण आमच्या घरी तिचे नाव वेगळेच होते. आई तिला ‘दुष्काळाची सडक’ म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई मला कडेवर घेऊन खडी फोडायला जायची. सडकेच्या कडेला झोळी बांधायची, त्यात मी. दुपारी मुलांना सुकडी मिळायची. घरी रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे, असे ती सांगायची. मराठवाड्यातल्या कितीतरी सडका, पाझर तलाव आणि बांध अशाच बायाबापड्यांच्या हातांनी झाले. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला. आज डांबर आणि सिमेंट यांच्या खाली ती खडी कुठे गेली असेल कोण जाणे. पण गाडी भरधाव निघाली की मला ती झोळी आठवते.

लोह्याच्या पुढे माळेगाव येते. यात्रेचे माळेगाव. खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारीने सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडची येळवस असते. त्यामुळे दरवर्षी मी येथे उतरतोच. अंगावर बेल-भंडारा पडतो, ‘येळकोट’चा गजर कानी येतो, आणि पाय आपोआप जनावरांच्या बाजाराकडे वळतात. गाई-बैल, घोडे, गाढवे, उंट, भटक्या जमातींची पालं, कुस्त्यांचा फड, जिल्हा परिषदेचे पशुप्रदर्शन. ज्याने हे एकदा पाहिले नाही, त्याने मराठवाडा पुरता पाहिला नाही.

येथे पाहावी ती लाल कंधारी. लोह्याच्या शेजारचे कंधार हे तिचे मूळ गाव. अंग गर्द लाल, बांधा आटोपशीर, चालणे चपळ. दूध बेताचेच, पण उन्हातान्हात, कोरड्या कडब्यावर टिकून राहणारी जात. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-देवणीकडची देवणी तिच्याहून अंगाने मोठी. तिच्यात तीन प्रकार धरतात. सगळे अंग पांढरे तो बालंक्या. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके-ठिगळे तो शेवरा. या सडकेच्या दोन टोकांना देशी गोवंशाच्या अशा दोन नामांकित जाती आहेत, ही आपली केवढी श्रीमंती!

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ दोन लाल खोंड बांधलेले होते. मी विचारले, “मामा, विकायला आणलेत का दाखवायला?”

ते म्हणाले, “साहेब, दाखवायलाच आणलेत. इकायचं झालं तर घरी बी गिऱ्हाईक येतं. पण चार जनावरांत उभं केल्याबिगर आपल्या जनावराची किंमत आपल्यालाच कळत न्हाई.”

बाजारात जुनी रीत अजून दिसते. दोघे उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात, भोवतालच्याला कळत नाही. पण घेणाऱ्याने दात पाहिल्याशिवाय, चालवून आणि जुंपून पाहिल्याशिवाय बोट धरू नये. मामांचे वाक्य मात्र मी गाठीला बांधले. चार जनावरांत उभे केल्याशिवाय किंमत कळत नाही. जमिनीचेही तसेच असेल का? एकच गिऱ्हाईक दारात येऊन भाव सांगते, आणि आपण तेवढ्यावर भाळतो.

माळेगावहून दुसरी गाडी धरली. माळाकोळी मागे पडले, मन्याड नदी ओलांडली आणि अहमदपूर आले. मन्याडीवरच खाली लिंबोटीचे धरण आहे. अहमदपूर आणि उदगीर हे तालुके निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आले. माझे वडील एकाच घरात राहून तीन जिल्ह्यांचे रहिवासी झाले. ते हसून म्हणायचे, “जिल्हे बदलले, सातबारा तोच राहिला.”

अहमदपुरात चहाला उतरलो. मोठ्या गाड्या आता गावाबाहेरच्या वळणाने जातात. जुन्या सडकेवरच्या एका हॉटेलवाल्याला विचारले, धंदा कसा आहे? तो म्हणाला, “गाव मोकळं झालं, गल्लाबी मोकळा झाला.” हे ऐकून ठेवा. सडकेच्या भरवशावर केलेला धंदा सडक वळली की वळतो. पुतण्या तीन एकरांच्या पैशातून महामार्गावर मोठे हॉटेल टाकायचे म्हणत होता. त्याला हे गाव दाखवायचे, असे मी ठरवले.

शिरूर ताजबंदला उदगीर आणि मुखेडचे फाटे फुटतात. तेथून पुढे आमचा माळ. सूर्य कलताना मी फाट्यावर उतरलो. पूर्वी येथे एक वड होता. एस. टी.ची वाट पाहणारा सगळा गाव त्याच्या सावलीला बसायचा. रुंदीकरणात तो गेला. आता माणसे कठड्याच्या सावलीत, म्हणजे उन्हातच, उभी राहतात. झाड गेल्याचे दुःख आम्हाला होते. पण त्याच्या बदल्यात फाट्यावर चार रोपे लावून ती जगवावीत, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. मलाही नाही, आणि मी तर कृषी खात्यातला!

आता तुम्हाला आमच्या घरची खरी गोष्ट सांगतो. रुंदीकरणात आमची एक एकरावर जमीन गेली. मोबदला आला. दोन वाटे झाले. दादाच्या वाट्यातून पुतणीचे लग्न झाले, एक चारचाकी आली, घराला रंग लागला. तीन वर्षांत पैसा संपला. चारचाकी पुढे विकली, तिने घेतल्याच्या निम्मीही किंमत आणली नाही. दादाला नावे ठेवायला मी मोकळा नाही. माझा वाटा मी एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून शहराबाहेरच्या प्लॉटात घातला. कागद नीट पाहिले नाहीत. प्लॉटला जायला रस्ताच नाही! सडकेने दिलेला पैसा मी रस्ता नसलेल्या जागेत पुरला. शेतकऱ्याच्या मेळाव्यात मी हे कधी सांगितले नव्हते. आज सांगतो, कारण यातून कोणी शहाणा झाला तर माझे नुकसान वाया जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस. शहाण्या वाचकांना वेळ अमावास्या म्हटले की कळेल, पण लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात तिला येळवसच म्हणतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडते. दुकाने बंद, आणि बैलगाडीपासून मोटारीपर्यंत जे मिळेल त्यातून सगळे शेताकडे. ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी आपल्या शेतात नेते. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, आंबील पिकावर शिंपडायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. सांजेला हेंडगा पेटवून शेताला फेरी.

या वर्षी कोपीला पेंढ्या विकत आणाव्या लागल्या. आमच्या लहानपणी खळ्यावर कडब्याची गंज घराएवढी असायची. सोयाबीन आले, खरिपाची ज्वारी गेली, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. कडबा गेला तशी दावणही रिकामी झाली. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला, हे नाकारता येत नाही. पण सगळे एकाच पिकावर टाकले म्हणजे एकाच दोराला लटकल्यासारखे होते. २०२१ साली लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव पाहिला. त्यानंतर भाव निम्म्याच्या आसपास आले. २०२५-२६ साठी सरकारने हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर केला, पण ऐन काढणीत आमच्या दादाला त्याच्या खालीच विकावे लागले. त्यात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याचे कंबरडे मोडले.

आमच्या सडकेकडच्या तीन एकरांत त्या पावसात आठवडाभर पाणी थांबले. सडकेचा भराव उंच. खालून पाणी जायला मोरी आहे, पण ती गाळाने आणि काटक्यांनी तुंबलेली. उन्हाळ्यात चार घरांनी मिळून एक दिवस घातला असता तर ती मोकळी झाली असती. आम्ही बोटे दुसरीकडे दाखवत बसलो आणि पीक पिवळे पडले. बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याने रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरले होते. त्याच्या सरीतून पाणी वाहून गेले आणि पीक तुलनेने तगले. तेव्हा ज्यांची शेते सडकेला लागून आहेत, त्यांनी मृगाच्या आधी आपल्या शेताखालची मोरी स्वतः जाऊन पाहावी. तुंबलेली असेल तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवावे, आणि त्या वर्षीपुरते तरी आपले हात चालवावेत.

जेवणे झाली. कोपीच्या सावलीत सगळे बसलो. पलीकडे सडकेवरून गाड्या सुं-सुं करीत जात होत्या. पुतण्याने विषय काढला. “काका, शेतीत काय राहिलंय? यंदा पाण्यानं नेलं, मागं भावानं नेलं. जमीन विकू, हॉटेल टाकू. निदान रोजचा गल्ला तरी दिसेल.”

त्याचे अगदीच चुकत होते असे नाही. घरात कर्ज होते. त्याचा धाकटा भाऊ लातुरात शिकवणीला होता. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून खेड्यापाड्यांतली किती पोरे या सडकेने तिकडे जातात, आणि त्यांच्यामागे किती घरांचे पैसे जातात, ते तुम्हाला सांगायला नको.

दादा गप्पच होता. शेवटी वहिनी बोलल्या. “भाऊजी, एक इचारू का? मागं सडकेनं एकर नेलं. त्याचा पैसा आला आन् गेला. आता तीन एकर गेलं तर पुढच्या येळवशीला ही कोप कुठं घालायची? हॉटेलाच्या मागं?”

कोणी काही बोलेना. नंतर दादा हळूच म्हणाला, “आईनं इथंच खडी फोडली. ती म्हणायची, सडक झाली म्हणजे आपला माल बाहेर जाईल. जमीन बाहेर जाईल असं ती कधी म्हणाली नव्हती.”

मला ते ऐकून बरे वाटले. पण तेवढ्याने कर्ज फिटत नाही. म्हणून मी पुतण्याला म्हणालो, “उद्या तू, मी आणि दादा लातूरला जाऊ. आधी बाजार पाहू, मग बोलू.”

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चाकूर आले. त्याच्या जवळ वडवळ नागनाथचे वनौषधींचे बेट आहे. उत्तरा नक्षत्रात लांबलांबची माणसे तेथे औषधी वनस्पतींसाठी येतात. पुढे आष्टामोडचा फाटा, आणि मग लातूर. याच सडकेची दोन रूपे मी वाटेत पुतण्याला सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गावोगावच्या बायांनी थापलेल्या भाकरी भरून ट्रक त्या दिशेने धावले होते. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातुरात पाण्याचा ठणठणाट झाला, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. सडक असो वा रूळ, अडीअडचणीला ते आपल्या कामी येतातच. पण पाणी अडवले नाही, माती जपली नाही, तर किती दिवस बाहेरून आणणार?

लातूरची गंजगोलाई तुम्ही पाहिली असेल. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ती आखली. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती गोल बाजार, आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. जुन्या लोकांनी बाजार असा बांधला की चहूकडचा माल एका जागी यावा आणि भाव सगळ्यांना दिसावा. तेथून मोंढ्यात गेलो. दोन तास नुसते फिरलो. सौदे पाहिले, डाळ मिलवाल्यांशी बोललो. गावातल्या व्यापाऱ्याने दादाला दिलेला भाव आणि मोंढ्यातला भाव यांत गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाताही फरक राहत होता. माल ओला असला की काटा कापतात, हेही पाहिले. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत असावा लागतो. दोन दिवस जास्त वाळवले असते तर दादाचे पैसे वाचले असते.

पुतण्याचा चेहरा तेव्हा बदललेला मी पाहिला. तो म्हणाला, “काका, लातूर घरापासून दीड तासावर नाही. आपण वर्षानुवर्षं भाव पाहायला आलोच नाही!”

हेच मला सांगायचे होते. सडक दारातून गेली म्हणजे बाजार दारात आला असे नाही. सडकेवर व्यापारी आपल्याकडे येतो, प्लॉटवाला येतो, बियाणे-औषधवाला येतो. आपण मात्र तिच्यावरून लग्नाला, दवाखान्याला आणि कचेरीला जातो. भाव पाहायला जात नाही. नेणारे या सडकेने रोज येतात. आणायला आपण कधी निघणार?

घरी आल्यावर ठरले ते असे. तीन एकर विकायचे नाहीत. त्यातला अर्धा एकर उताराचा, चिबड होणारा. तेथे चर काढून पाणी बाहेर द्यायचे. उरलेल्यात सोयाबीनच्या ओळींत तूर घ्यायची आणि एका तुकड्यात कडब्यासाठी रब्बी ज्वारी. गावातल्या बचत गटाला धरून लहान डाळ मिल बसवता येईल का, त्याची चौकशी पुतण्याने करायची. पुढे सडकेला दुकान टाकायचे झालेच, तर आपल्याच तुरीची डाळ विकायचे टाकू, आणि तेही महामार्गावर वाट काढायची व बांधकामाची रीतसर परवानगी घेऊन. कर्जासाठी बँकेत दादाबरोबर मी जाणार. वहिनींचे नावही सातबाऱ्यावर लावायचे. म्हणजे पुढच्या खेपेला त्यांना नुसते विचारायचे नाही, त्यांची सहीच लागेल.

हे सगळे फळाला येईलच असे वचन मी देत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, भावही नाही. पण घाईने विकण्याचे तेवढे टळले.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही गावात नव्या सडकेची मोजणी येईल, कदाचित आलीही असेल. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. संयुक्त मोजणीच्या वेळी घरातले जाणते माणूस जागेवर हजर राहू द्या. विहीर, पाइपलाइन, फळझाडे, गोठा यांची नोंद पंचनाम्यात झाली का ते वाचून मगच सही करा. नोंद नसलेल्या झाडाचा मोबदला मागून मागायला गेलात तर चपला झिजतात. पैसा आला तर सहा महिने मुदत ठेवीत ठेवा. तेवढ्यात डोके थंड होते आणि सोयरे-धायरेही पांगतात. आणि तो पैसा शक्यतो विहीर, शेततळे, जमीन किंवा मुलांचे शिक्षण अशा टिकणाऱ्या गोष्टीत घाला.

सडकेवर वागण्याचेही सांगतो. बैलगाडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे चकाकणारे लाल रेडियम लावा. वळण लांब पडते म्हणून मोटारसायकल उलट्या बाजूने दामटू नका. सोयाबीनचे वाळवण सडकेवर घालू नका. एका पोत्याच्या वाळवणापायी जीव गेल्याची घरे मी पाहिली आहेत.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा वहिनींनी भज्जीचा डबा आणि आंबिलीची बाटली हातात दिली. गाडी फाट्यावरून निघाली. जेथे वड होता त्या जागेच्या मागे, सडकेची हद्द सोडून आमच्या बांधावर, पुतण्या खड्डा घेत होता. मी खिडकीतून विचारले, “काय लावतोस?”

“वडच, काका,” तो म्हणाला. “पुढच्या येळवशीला पाणी घालायला या.”

आपला,
एक कृषी अधिकारी